कारकुनाच्या टेबलावरून : नावे-पत्त्यांची वही ही समाजाची ठेव आहे



जयंतीचा महिना सरला. मंडप उतरले, वर्गणीच्या पावत्या जमा झाल्या, आणि वर्षावासाला अजून थोडा अवकाश आहे. अशा मोकळ्या दिवसांत संस्थेचे दप्तर नीट लावून घ्यावे, असे आम्ही या स्तंभातून नेहमी सांगत आलो आहोत. पावतीपुस्तक, रोजकीर्द, सभेचे इतिवृत्त यांबद्दल वेळोवेळी लिहून झाले. आज दप्तरातील अशा एका वहीविषयी लिहावयाचे आहे, की जी आपल्या बहुतेक संस्थांत नावालाही उरलेली नाही. ती म्हणजे नावे-पत्त्यांची वही.

"वही कशाला हवी? सगळे नंबर मोबाईलमध्ये आहेत की!" असे उत्तर आम्हाला ठिकठिकाणी मिळते. त्यावर आम्ही एकच विचारतो : कोणाच्या मोबाईलमध्ये? येथे उत्तर देणारा थांबतो. कारण नंबर असतात ते सचिवांच्या मोबाईलमध्ये, किंवा जो तरुण कार्यकर्ता धावपळ करतो त्याच्या मोबाईलमध्ये. विहाराच्या दप्तरात एकही नसतो.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. आमच्या पाहण्यातील एका विहार समितीचे सचिव अचानक कालकथित झाले. वीस वर्षे त्यांनी माणसे जोडली होती. कोणत्या गल्लीत कोण रक्तदाता आहे, कोणता वकील बिनफीचा सल्ला देतो, कोणता डॉक्टर रात्री दार उघडतो, हे सारे त्यांच्या फोनमध्ये. पुढे महिन्याभरातच वस्तीतील एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचे रक्त हवे होते. त्या गटाचे दोन दाते वस्तीतच आहेत हे सर्वांना ऐकून माहीत होते. पण ते कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सचिवांचा फोन घरात होता, पण तो उघडण्याची खूण त्यांच्याबरोबरच गेली होती. रक्त मिळाले, पण काही तास उशिराने, आणि तेही परक्या माणसाच्या ओळखीने. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली हे आपले नशीब म्हणायचे का? नशिबावर आपण विश्वास ठेवत नाही. मग दप्तरावर तरी ठेवला पाहिजे.

आपल्या चळवळीचा इतिहास आठवावा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, त्याला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले आणि १९२९ साली पैशाअभावी बंद पडले. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' आले आणि तेच ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' झाले. या पत्रांना बड्या जाहिरातदारांचा आधार नव्हता. गिरणीतला, गोदीतला, रेल्वेतला वर्गणीदार हेच त्यांचे भांडवल. आणि वर्गणीदार म्हणजे काय? एक नाव आणि एक पत्ता. ते नाव नीट लिहिलेले नसते तर अंक पोहोचला नसता. अंक पोहोचला नसता तर विचार पोहोचला नसता. म्हणून पत्त्यांची वही ही किरकोळ कारकुनी बाब आहे असे कोणी समजू नये. चळवळ ज्या माणसांच्या बळावर चालते, त्या माणसांपर्यंत जाण्याचा तो रस्ता आहे.

आता या वहीचे आजचे रूप पाहू. ज्याच्याकडे जीमेलचा ईमेल पत्ता आहे त्याच्याकडे अशी वही आयतीच आहे, फक्त बहुतेकांनी ती उघडून पाहिलेली नाही. संगणकावर जीमेल उघडले की वरच्या उजव्या कोपऱ्यात नऊ ठिपक्यांचा चौकोन दिसतो. तो दाबल्यावर जी चिन्हे येतात त्यांत 'काँटॅक्ट्स' म्हणजे संपर्क असे एक असते. तीच ही वही. याहू किंवा आऊटलुक वापरणाऱ्यांकडेही अशीच सोय आहे. बटणांची नावे थोडी निराळी, इतकेच.

या वहीचा मोठा गुण असा की ती फोनमध्ये राहत नाही, खात्यात राहते. फोन चोरीला गेला, पाण्यात पडला, तरी दुसऱ्या फोनवर वा संगणकावर खाते उघडताच सारी नावे परत दिसतात. मात्र एक पथ्य पाळावे लागते. फोनवर नवा नंबर साठवताना तो कोठे साठवायचा हे ठरवता येते : सिमकार्डावर, फोनवर की गुगल खात्यात. सिमवर साठवलेला नंबर सिमबरोबर जातो, फोनवरचा फोनबरोबर. तेव्हा दर वेळी गुगल खातेच निवडावे. पूर्वीचे नंबर सिमवर असतील तर ते एकदा खात्यात आणून घ्यावेत.

आणि संस्थेसाठी हे खाते संस्थेच्या नावाचे असावे, सचिवांच्या नावाचे नव्हे. समितीच्या सभेत ठराव करून, इतिवृत्तात नोंद घेऊन ते उघडावे. माणसे येतात-जातात, बदल्या होतात, निवडणुकीत कार्यकारिणी बदलते. खाते संस्थेचे असले म्हणजे वही संस्थेची राहते.

वही उघडली, आता नावे कशी लिहावीत? आमच्या मते निम्मे काम येथेच आहे. आपल्या वस्त्यांत दर गल्लीत दोन सिद्धार्थ, तीन राहुल आणि एखादी तरी प्रज्ञा असतेच. मग फोनमध्ये 'राहुल टाकीजवळचा', 'सिद्धार्थ मंडपवाला' अशी नावे पडतात. ज्याने लिहिले त्याला ती समजतात, त्याच्यामागून येणाऱ्याला नाही. म्हणून संस्थेच्या वहीत पूर्ण नाव, आडनाव आणि कंपनीच्या रकान्यात वस्ती वा गाव लिहावे. तो रकाना कंपनीसाठीच वापरला पाहिजे असा काही कायदा नाही.

इंग्रजीतून नाव लिहिताना आणखी एक घोळ होतो. कांबळे हे आडनाव कोणी बी नंतर लगेच एल घालून लिहितो, कोणी त्या दोहोंच्या मध्ये एक ए घालतो. गायकवाडांचेही तसेच. मग एकच माणूस वहीत दोन ठिकाणी बसतो, आणि शोधताना एकाही ठिकाणी सापडत नाही. यावर उपाय सोपा आहे. नाव देवनागरीत लिहावे, आणि ईमेलसाठी वा अर्जासाठी इंग्रजी स्पेलिंग लागेल तेव्हा दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच टिपणाच्या रकान्यात नोंदवावे. शिष्यवृत्तीच्या अर्जात एका अक्षराच्या फरकाने किती मुलांची फरफट होते हे पालकांना सांगावयास नको.

मोबाईल क्रमांकाआधी अधिकचे चिन्ह आणि ९१ लिहावे, म्हणजे परदेशी असलेल्या आपल्या मुलांनाही तो तसाच लावता येतो. पत्त्यात पिनकोड विसरू नये. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झालेला हा सहा आकडी क्रमांक श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील मराठी अधिकाऱ्याची देणगी आहे. आजही निमंत्रणपत्रिका, अंक, पार्सल त्याच्यावाचून नीट पोहोचत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये स्त्रियांची नावेच नसतात. 'अमक्याची आई', 'तमक्याची मिसेस', 'मोठ्या वहिनी' अशा नोंदी असतात. घरगुती फोनमध्ये प्रेमाने लिहिले तर ठीक. पण महिला मंडळाची यादी काढली आणि तीत नवऱ्यांची नावे व नवऱ्यांचे नंबर निघाले, असे आम्ही पाहिले आहे. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यांच्या अनुयायांच्या वहीत बाईला स्वतःचे नाव असू नये? महाराष्ट्र शासनानेसुद्धा १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक केला आहे. आपल्या वहीनेही निदान तितके करावे. प्रत्येक उपासिकेचे नाव तिचे स्वतःचे, आणि क्रमांक तिचा स्वतःचा असल्यास तोच.

तीच गोष्ट कष्टकऱ्यांची. 'कचरेवाला', 'गटारवाला', 'मोलकरीण' अशा नोंदी निदान आपल्या घरात तरी नसाव्यात. धंद्यावरून माणसाची ओळख ठरवण्याच्या रीतीने आपल्या पूर्वजांचे काय झाले हे आपण जाणतो. नाव विचारावे, नाव लिहावे, काम काय ते टिपणात लिहावे.

नावे झाली की त्यांची वर्गवारी करावी. या वहीत डाव्या बाजूस 'लेबल' करण्याची सोय असते. लेबल म्हणजे चिठ्ठी. कपाटातील फाईल एका वेळी एकाच खणात राहते. पण येथे एका नावाला हव्या तितक्या चिठ्ठ्या लावता येतात. एकच आयुष्मती सभासद असू शकते, महिला मंडळात असू शकते आणि रक्तदातीही असू शकते. तिचे नाव तीनदा लिहावे लागत नाही.

चिठ्ठ्या कोणत्या कराव्यात? येथे आम्हाला दीघ निकायातील सिगालोवाद सुत्ताची आठवण होते. राजगृहातील सिगाल नावाचा गृहस्थपुत्र रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करी, कारण बापाने मरताना तसे सांगितले होते. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सहकारी, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण. आणि एवढ्यावर न थांबता प्रत्येक दिशेप्रती आपली कर्तव्ये कोणती तेही सांगितले. माणसांची वर्गवारी कशासाठी करावी याचे याहून चांगले उत्तर आम्हाला ठाऊक नाही. ज्या लेबलामागे एखादे कर्तव्य नाही ते लेबल करू नये. 'महत्त्वाचे लोक', 'व्हीआयपी' अशी लेबले काढून टाकावीत. त्याऐवजी सभासद, महिला मंडळ, विद्यार्थी, रक्तदाते, बौद्धाचार्य व भिक्खू संघ, वकील-डॉक्टर, शासकीय कार्यालये, परगावचे बांधव, एकटे राहणारे वृद्ध अशी करावीत. या प्रत्येकाशी आपले काही काम आहे, काही देणे आहे.

रक्तदात्यांच्या नोंदीत गट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहावी. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने आणि स्त्रीला चार महिने अंतर ठेवावे लागते. तारीख नोंदलेली असेल तर मध्यरात्री चुकीच्या माणसाला उठवण्याची वेळ येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदीत इयत्ता व शाखा लिहावी आणि दर जूनमध्ये ती बदलावी. शिष्यवृत्तीची मुदत जाहीर झाली की 'विद्यार्थी' एवढे लेबल उघडले म्हणजे कोणास कळवायचे ते पुढ्यात असते.

दुबार नोंदी हा पुढचा प्रश्न. कार्यकर्त्यांचे चार फोन एकत्र केले की एकेक नाव तीन-तीनदा येणारच. त्यासाठी वहीत 'मर्ज अँड फिक्स' नावाचे बटण आहे. ते सारख्या वाटणाऱ्या नोंदी शोधून पुढे ठेवते. मात्र सर्व एकदम जोडण्याची घाई करू नये. बाप आणि मुलगा एकाच ईमेलवर असतात, एका घरात एकच फोन असतो. एकेक नोंद पाहून, विचारून जोडावी. शिवाय 'अदर काँटॅक्ट्स' नावाच्या कप्प्यात आपण ज्यांना कधीतरी ईमेल पाठवला त्यांचे पत्ते आपोआप साठतात. त्यातील कामाचे तेवढे वहीत घ्यावेत.

चुकून काही पुसले गेले तर घाबरू नये. पुसलेली नोंद ३० दिवस 'ट्रॅश'मध्ये राहते, तेथून परत आणता येते. आणि संपूर्ण वहीच बिघडली, तर सेटिंगमधील 'अनडू चेंजेस' वापरून ती मागील ३० दिवसांतील एखाद्या वेळी जशी होती तशी करता येते. त्यानंतर मात्र इलाज नाही. म्हणून महिन्यातून एकदा वही चाळण्याचा नेम ठेवावा. पौर्णिमेचा दिवस आम्ही सुचवतो. त्या दिवशी विहारात माणसे जमतातच. नंबर बदलला का, पत्ता बदलला का, हे तोंडी विचारून घ्यावे. बंद झालेला मोबाईल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. आपण ज्याला जुना मित्र समजून घरगुती मजकूर पाठवतो तो कोणी भलताच असू शकतो.

आता पत्र पाठवण्याबद्दल. जीमेलमध्ये पत्ता लिहिण्याच्या जागी लेबलचे नाव लिहिले की त्या लेबलातील सर्वांचे पत्ते आपोआप येतात. हे फार सोयीचे आहे आणि म्हणूनच धोक्याचेही. पत्ता लिहिण्यासाठी तीन जागा असतात : 'टू', 'सीसी' आणि 'बीसीसी'. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात आम्ही निळा कार्बन घालून काढत असू तीच. बीसीसी म्हणजे लपलेली कार्बन कॉपी. 'टू' किंवा 'सीसी'मध्ये शंभर पत्ते टाकले तर शंभर जणांना एकमेकांचे पत्ते मिळतात. 'बीसीसी'मध्ये टाकले तर कोणालाच दुसऱ्याचा मिळत नाही. सभेची सूचना, निमंत्रण, अहवाल नेहमी 'बीसीसी'ने पाठवावेत. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे ५०० जणांपर्यंतच पत्र जाते, हेही ध्यानात ठेवून मोठी यादी दोन दिवसांत विभागावी.

व्हॉट्सअॅपच्या गटातही हाच विचार हवा. गटात घेतलेल्याचा क्रमांक बाकीच्यांपुढे उघडा होतो. मुलींचे व भगिनींचे क्रमांक त्यांना न विचारता दोनशे जणांच्या गटात टाकणे हे कार्यकर्त्याला शोभणारे नाही.

येथून आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. वहीतील प्रत्येक नाव हे एका माणसाने विश्वासाने दिलेले आहे. रक्तदानासाठी दिलेला क्रमांक निवडणुकीच्या प्रचाराला वापरावयाचा नाही. शिष्यवृत्तीसाठी दिलेला पत्ता विमा एजंटाला द्यावयाचा नाही, मग तो एजंट आपलाच भाचा का असेना. निवडणुका आल्या की 'तुमच्या वस्तीची यादी द्या' म्हणून विचारणारे येतात. त्यांना नम्रपणे सांगावे की, यादी संस्थेची नाही, ज्यांची नावे आहेत त्यांची आहे. आम्ही फक्त सांभाळतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याचाही आधार हाच आहे, की माहिती ज्या कामासाठी संमतीने घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. अदिन्नादाना वेरमणी हे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेऊ नये, याचा अर्थ केवळ पैसा आणि वस्तू एवढाच नाही.

याच कारणाने टिपणाच्या रकान्यात काय लिहू नये हेही सांगितले पाहिजे. कोणाचा आजार, कोणाचा घरगुती वाद, कोणावरील खटला, कोणाचे कर्ज यांची नोंद तेथे करू नये. ती माणसे आपल्याजवळ मन मोकळे करतात ते वहीत जाण्यासाठी नव्हे.

आणखी एक सावधगिरी. फोनवर नवे अॅप घेतले की ते 'संपर्क पाहण्याची परवानगी द्या' असे विचारते आणि आपण न वाचता हो म्हणतो. झटपट कर्ज देणाऱ्या काही अॅपनी अशीच संपर्कयादी उचलली, आणि हप्ता चुकताच कर्जदाराच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, साहेबांना फोन करून त्याची बेअब्रू केली. या छळापायी देशात अनेकांचे संसार उद्ध्वस्त झाले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या अॅपना ग्राहकाच्या संपर्कयादीत शिरण्यास मनाई केली. पण बेकायदा अॅप नियम विचारून चालत नाहीत. ज्या फोनवर संस्थेची वही उघडते त्या फोनवर असली अॅप घेऊ नयेत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अॅपला संपर्क पाहण्याची मुभा आहे ते तपासावे आणि नको त्याची काढून घ्यावी.

आता जतन. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात आम्हाला शिकवले होते की ज्या नोंदीची दुसरी प्रत नाही ती नोंद अर्धीच. वहीतील सर्व नावांची प्रत काढण्यासाठी 'एक्सपोर्ट' असे बटण आहे. त्यात 'गुगल सीएसव्ही' निवडले की संगणकावर एक फाईल उतरते. ती तशीच दोनदा दाबून एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरी नावांच्या जागी विचित्र चिन्हे दिसू शकतात, आणि बारा आकडी फोन क्रमांक गणितातल्या संख्येसारखा आखूड होतो. ते टाळण्यासाठी एक्सेलमधील 'डेटा' या भागातून ती फाईल आत घ्यावी, भाषेच्या ठिकाणी 'यूटीएफ-८' निवडावे आणि फोनचा रकाना 'टेक्स्ट' म्हणून ठेवावा. मग त्याची छापील प्रत काढून, तारीख घालून, शिक्का मारून दप्तराच्या कपाटात कुलपात ठेवावी. वर्षातून दोनदा, १४ ऑक्टोबर आणि १४ एप्रिल या तारखांच्या आधी नवी प्रत काढावी आणि जुनी फाडून टाकावी. वीज नसेल, नेट नसेल, तरी तो कागद बोलतो.

शेवटी ताबा. संस्थेच्या खात्याचा पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि शक्य तर त्यातील एक महिला असावी. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. ती लावल्यावर गुगल दहा राखीव संकेतांक देते; ते छापून, लिफाफ्यात बंद करून, लिफाफ्यावर दोघांच्या सह्या घेऊन कोषाध्यक्षांच्या पेटीत ठेवावेत. फोन हरवला तरी या संकेतांकांनी खाते उघडते. कार्यकारिणी बदलली की पासवर्ड बदलावा, खात्याशी जोडलेला फोन व दुसरा ईमेल बदलावा, आणि हस्तांतराच्या यादीत 'नावे-पत्त्यांची वही, एकूण नोंदी इतक्या' अशी ओळ लिहून सही घ्यावी. शिल्लक रोख जशी मोजून देतो तशीच ही वहीही मोजून द्यावी. दोन वर्षे जे खाते कोणीच उघडले नाही ते गुगल बंद करू शकते, असा नियम २०२३ पासून लागू आहे. तेव्हा खाते उघडून विसरून जाऊ नये.

घरच्या वहीसाठीही सोय आहे. गुगलच्या 'इनअॅक्टिव्ह अकाऊंट मॅनेजर'मध्ये जाऊन, आपले खाते अमुक महिने बंद राहिले तर आपली माहिती कोणाला मिळावी हे आधीच नोंदवता येते. ती मुदत तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत ठेवता येते आणि दहा जणांपर्यंत नावे देता येतात. पत्नीचे, मोठ्या मुलीचे नाव द्यावे. घरातील कर्त्या माणसामागे त्याच्या कार्यालयाचा, विम्याचा, बँकेचा, गावच्या चुलत्याचा नंबर शोधत घरच्यांनी दारोदार फिरावे, हे टाळणे आपल्या हाती आहे. आणि तोवर निदान एका कोऱ्या कागदावर दहा नंबर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवावेत. त्यात ११२ हा आपत्कालीन क्रमांक पहिला असावा.

जे कालकथित झाले त्यांच्या नोंदीचे काय करावे, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. आमचे मत असे की ती पुसू नये. बाकीची सर्व लेबले काढावीत, म्हणजे दिवंगत माणसाच्या नावाने निमंत्रण जाऊन घरच्यांचे मन दुखावणार नाही. 'कालकथित' असे एक लेबल लावावे आणि 'महत्त्वाची तारीख' या रकान्यात स्मृतिदिन लिहावा. पुढच्या वर्षी त्या तारखेला पुण्यानुमोदनासाठी घरच्यांना एक फोन जावा. त्या लेबलामागचे कर्तव्य तेवढेच.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी विहारात दोन तास काढा. एक संगणक, दोन तरुण मुली ज्यांचा टंकलेखनात हात चालतो, आणि एक जुना कार्यकर्ता ज्याला माणसे ठाऊक आहेत, एवढे भांडवल पुरे. पहिल्या बैठकीत पन्नास नावे झाली तरी समाधान मानावे. संस्थेचे खाते उघडताना अडचण आली तर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर आम्हाला जरूर लिहा. पुढील लेखांतून उत्तर देऊ.

जयभीम!